अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली जुनी वैरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टमध्ये एमएससाठी ॲन आर्बर, कोलंबस, ऑस्टिन नाहीतर कॉलेज स्टेशनला गेलेली आपली मुलं नोव्हेंबरपर्यंत एका वेगळ्याच भांडणात सामील झालेली असतात. ज्या विद्यापीठाचं नाव जून महिन्यात त्यांच्या अर्जांच्या यादीत होतं, त्याच विद्यापीठाला आता ती शिव्या घालतात. घरच्यांना काही कळत नाही आणि मुलांनाही नीट सांगता येत नाही. त्या सगळ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं.

हा आपला फुटबॉल नाही ना?

नाही. इथे लंबगोल चेंडू असतो, तो बहुतेक वेळ हातातच असतो, आणि अकरा-अकरा खेळाडू हेल्मेट घालून एकमेकांना आडवे करतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचलात की टचडाउन, म्हणजे 6 गुण. खांबांमधून लाथेने मारलात तर फील्ड गोल, 3 गुण. एवढं पाठ असलं तरी पुरतं.

पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे झाला. रटगर्सने प्रिन्स्टनला 6–4 असं हरवलं. तो खेळ मात्र आपल्या ओळखीच्या फुटबॉलला जास्त जवळचा होता. आजचं रूप पुढच्या काही दशकांत हळूहळू घडत गेलं.

एनएफएलसारखी व्यावसायिक लीग असताना कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला लाखभर लोक का जमतात?

कॉलेजचा खेळ आधीचा आहे, म्हणून. एनएफएलची स्थापना 1920 मधली. तोवर कॉलेजांची पन्नास वर्षं खेळून झाली होती. दुसरं कारण भूगोलाचं. व्यावसायिक संघ मोठ्या शहरांत असतात, आणि अमेरिकेचा बराच भाग मोठ्या शहरांपासून लांब आहे. अलाबामा राज्यात आजही बड्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ नाही, ना फुटबॉलचा, ना बेसबॉलचा, ना बास्केटबॉलचा. तिथला माणूस निष्ठा वाहणार कुठे? विद्यापीठावरच. तो स्वतः कॉलेजात गेलेला नसला तरी.

ॲन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे. वानखेडेत मावतात त्याच्या तिपटीहून जास्त लोक, आणि ॲन आर्बरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. सामन्याच्या दिवशी गावात दुसरं काहीही घडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पारंपरिक वैर नेमकं कशाला म्हणायचं? दोन्ही संघ चांगले असले की झालं?

संघ चांगले असण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. दोन्ही संघ वर्षभर मार खात असले तरी त्या एका सामन्याला मैदान भरतं. लागतो तो शेजार, ठरलेली तारीख आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा एखादा जुना अपमान. आपल्याकडे भावकीत बांधावरून वाद असतो ना, तसंच हे: जमीन किती गुंठे होती हे कोणाला आठवत नाही, पण समोरच्याने बांध कोरला होता हे नातवालाही माहीत असतं.

खेळाडू चार-पाच वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. कोचही बदलतात. वैर राहतं ते प्रेक्षकांत, गावात, बँडच्या गाण्यांत. त्यामुळे मैदानावरच्या पोरांपेक्षा साठीतले काका जास्त तापलेले दिसले तर नवल नको.

मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचं एवढं काय बिनसलंय?

मिशिगन विद्यापीठ ॲन आर्बरचं, ओहायो स्टेट कोलंबसचं, आणि इथे खरोखरच बांधाचा वाद आहे. 1835–36 मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश यांनी आपापली पथकं समोरासमोर उभी केली. या ‘टोलेडो युद्धात’ मेलं कोणी नाही. मिशिगनच्या बाजूच्या एका डेप्युटी शेरीफला चाकूची जखम झाली, तेवढीच. चाकू मारणाऱ्याचं नाव टू स्टिकनी. त्याच्या थोरल्या भावाचं नाव वन. वडिलांनी मुलांना खरंच आकडे दिले होते. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला वरचा द्वीपकल्प मिळाला आणि जानेवारी 1837 मध्ये राज्याचा दर्जा. त्या वेळी मिशिगनकरांना हा सौदा तोट्याचा वाटला. पुढे वरच्या भागात तांबं आणि लोखंड निघालं, ती गोष्ट निराळी.

चाहते हा इतिहास फार आवडीने सांगतात, पण माझ्या मते आजच्या खुन्नशीचा त्याच्याशी संबंध थोडाच आहे. पहिला सामना 1897 मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी झाला आणि मिशिगनने तो 34–0 असा जिंकला. 1918 पासून तो दरवर्षी होऊ लागला. 2020 मध्ये कोविडमुळे खंड पडला, तेवढाच. खरी धग आली 1969 मध्ये.

त्या वर्षी मिशिगनने बो शेम्बेकलर यांना कोच नेमलं. ते ओहायो स्टेटचे कोच वुडी हेज यांचेच शिष्य; त्यांच्या हाताखाली खेळलेले आणि सहायक म्हणूनही राबलेले. ओहायो स्टेट सलग 22 सामने जिंकून ॲन आर्बरला आली. शिष्याने गुरूला 24–12 असं पाडलं. पुढची दहा वर्षं दोघे दर नोव्हेंबरमध्ये भिडत राहिले. त्याला ‘दहा वर्षांचं युद्ध’ म्हणतात. हिशेब मिशिगनचे पाच विजय, ओहायो स्टेटचे चार, एक बरोबरी.

ती बरोबरी 1973 ची, 10–10. दोन्ही संघ अपराजित. ‘रोज बोल’ या मोसमानंतरच्या मानाच्या सामन्याला कोणाला पाठवायचं हे बिग टेन कॉन्फरन्समधल्या, म्हणजे या दोघांच्या गटातल्या, विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदानाने ठरवलं आणि ओहायो स्टेटला पाठवलं. त्या काळच्या नियमाप्रमाणे कॉन्फरन्समधून एकच संघ मोसमानंतरच्या सामन्याला जाऊ शकत असे, त्यामुळे एकही सामना न हरलेला मिशिगन घरी बसला. ॲन आर्बरमधल्या जुन्या लोकांसमोर हा विषय काढताना वेळ हाताशी ठेवा.

वुडी हेज मिशिगनचं नाव तोंडातून काढत नसत. ‘ते वरचं राज्य’ एवढंच. ती सवय अजून टिकून आहे. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या फलकांवरचं प्रत्येक ‘एम’ अक्षर लाल पट्टीने खोडलेलं असतं. इमारतींची नावं वाचताना नव्या विद्यार्थ्यांची तारांबळ उडते.

यात मारामारी होते का?

कधी कधी. 2024 मध्ये कोलंबसमध्ये मिशिगनने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, 13–10 असा विजय मिळवला आणि त्यांच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला. हाणामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, कॉन्फरन्सने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी 1 लाख डॉलर दंड केला. गंमत अशी की त्याच मोसमात ओहायो स्टेट पुढे राष्ट्रीय विजेती ठरली. तरी कोलंबसमध्ये कित्येक जण आधी त्या 13–10 बद्दल बोलतात.

प्रेक्षकांत सहसा तोंडाचीच लढाई असते. दारू जास्त झालेलं एखादं टोळकं दिसलं तर लांबून जावं, हे कुठल्याही गर्दीत लागू आहे.

अलाबामात लोक पहिल्या भेटीत “तुम्ही कोणते?” असं विचारतात. काय उत्तर द्यायचं?

“अजून ठरवतोय.” पण हे उत्तर एका वर्षापुरतंच चालतं.

अलाबामा आणि ऑबर्न या राज्यातल्या दोन विद्यापीठांच्या सामन्याला आयर्न बोल म्हणतात. अलाबामातलं बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाचं शहर. अनेक दशकं सामना तिथेच व्हायचा, म्हणून हे नाव. पहिला सामना फेब्रुवारी 1893 मध्ये झाला, ऑबर्न 32–22 ने जिंकलं. 1907 चा सामना 6–6 असा बरोबरीत सुटला, आणि मग पुढच्या सामन्याच्या वाटाघाटी खेळाडूंच्या दैनिक भत्त्यावर आणि पंच कुठून आणायचा यावर फिसकटल्या. रक्कम किरकोळ होती. त्यावरून दोन्ही विद्यापीठं 41 वर्षं एकमेकांशी खेळली नाहीत!

राज्याच्या विधिमंडळाने दबाव आणल्यावर 1948 मध्ये सामना पुन्हा सुरू झाला. त्या सकाळी दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत समारंभपूर्वक कुऱ्हाड पुरली. दुपारी अलाबामाने 55–0 अशी धूळ चारली. कुऱ्हाड पुरल्याचा कितपत उपयोग झाला असेल ते तुम्हीच ठरवा.

या सामन्याच्या किश्शांत सर्वांत वरचा 30 नोव्हेंबर 2013 चा. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, 28–28 अशी बरोबरी, वेळ संपलेली. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी घड्याळात एक सेकंद उरल्याचा दावा केला, पंचांनी तो मान्य केला. त्या एका सेकंदात अलाबामाने 57 यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला. चेंडू खांबांपर्यंत पोहोचलाच नाही. ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस मागच्या पट्ट्यात उभा होता. त्याने तो झेलला आणि अख्खं मैदान धावून पार केलं. 34–28. मागून घेतलेला तो एक सेकंद अलाबामालाच भोवला. समोर उभे होते ते लाथ मारायच्या कामाचे धिप्पाड गडी. त्यांच्याने तो पकडला जाणं शक्यच नव्हतं.

झाडांना विष घातल्याची गोष्ट खरी आहे?

दुर्दैवाने खरी आहे. ऑबर्नमध्ये विजयानंतर टूमर्स कॉर्नरच्या चौकातल्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायची प्रथा आहे. 2010 च्या सामन्यात ऑबर्न 0–24 असं मागे पडूनही 28–27 ने जिंकलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या जुन्या झाडांच्या मुळाशी जालीम तणनाशक ओतलं, आणि 2011 च्या जानेवारीत रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच सांगितलं. त्याने गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. झाडं 2013 मध्ये तोडावी लागली. याला चाहतेगिरी म्हणणं मला पटत नाही. अलाबामाच्या बहुसंख्य चाहत्यांनाही पटलं नव्हतं. त्यांच्यातल्या कित्येकांनी झाडं वाचवण्यासाठी पैसे दिले होते.

टेक्सास विद्यापीठाचा खरा शत्रू कोण? ओक्लाहोमा की टेक्सास ए अँड एम?

ऑस्टिनमध्ये दहा जणांना विचारलंत तर दोन तट पडतील.

ओक्लाहोमाशी सामना 1900 पासून आहे आणि 1929 पासून दर ऑक्टोबरला तो डॅलसमध्ये होतो, दोन्ही विद्यापीठांच्या साधारण मध्यावर. मैदान आहे टेक्सासच्या राज्य जत्रेच्या आवारात. सकाळी पाळणे, बाहेर तळलेल्या कॉर्नी डॉगच्या रांगा, आणि आत 50 यार्डांच्या रेषेवर चिरलेलं स्टेडियम: अर्धं भाजक्या विटेच्या नारिंगी रंगाचं, अर्धं किरमिजी. दोन्ही बाजू सारख्याच संख्येने आल्यामुळे इथे पूर्ण शांतता कधीच होत नाही. कोणाचं तरी चांगलं चाललेलंच असतं. जिंकणाऱ्याला सोनेरी हॅट मिळते. टेक्सासवाले तर्जनी आणि करंगळी वर करून बैलाच्या शिंगांची खूण करतात, ओक्लाहोमावाले तीच खूण उलटी धरतात. उलटी शिंगं म्हणजे शिवी समजा.

ए अँड एमशी मामला घरातला आहे. ए अँड एम हे कॉलेज स्टेशनमधलं शेतकी आणि लष्करी शिक्षणाचं जुनं कॉलेज, टेक्सास हे ऑस्टिन या राजधानीतलं विद्यापीठ. पहिला सामना 1894 चा. ए अँड एमच्या रणगीतात स्वतःपेक्षा टेक्सासचाच उल्लेख जास्त आहे, असं ऑस्टिनवाले डिवचतात. 2011 मध्ये टेक्सासने ईएसपीएन या क्रीडा वाहिनीशी 20 वर्षांचा 30 कोटी डॉलरचा करार करून स्वतःची टीव्ही वाहिनी काढली. ए अँड एमचा संयम संपला. ते टेक्सासबरोबरची कॉन्फरन्स सोडून 2012 मध्ये एसईसी या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या कॉन्फरन्समध्ये गेले. शंभराहून जास्त वेळा खेळला गेलेला सामना एका झटक्यात बंद. दोन्हीकडचे लोक तेरा वर्षं “आम्हाला त्यांची गरज नाही” म्हणत राहिले आणि रोज एकमेकांबद्दलच बोलत राहिले. 2024 मध्ये टेक्सासही एसईसीत दाखल झालं, आणि त्या नोव्हेंबरला कॉलेज स्टेशनमध्ये टेक्सासने 17–7 असा विजय मिळवला.

ए अँड एमची होळी म्हणजे काय?

टेक्सासविरुद्धच्या सामन्याआधी विद्यार्थी हजारो ओंडक्यांची चळत स्वतः रचायचे आणि पेटवायचे. बॉनफायर. अनेक दशकं ते चाललं, चळत दरवर्षी अवाढव्य होत गेली. 18 नोव्हेंबर 1999 च्या पहाटे रचणी सुरू असतानाच ती कोसळली. 12 जण गेले, 27 जखमी झाले. ओंडके बाजूला करायच्या कामाला ए अँड एमचे फुटबॉल खेळाडूही धावले होते. आठवड्याभराने सामना झाला. टेक्सासच्या बँडने मैदानावर मृतांना मानवंदना दिली. ए अँड एम 20–16 ने जिंकलं. त्यानंतर विद्यापीठाने अधिकृत बॉनफायर बंद केली ती कायमची. आता आवारात त्याच जागी बारा दरवाजांचं स्मारक आहे. तुमचं मूल तिथे शिकत असेल आणि तुम्ही भेटायला गेलात, तर ते नक्की बघा.

या ट्रॉफ्या अशा विचित्र का? डुक्कर, घडा, बादली?

बहुतेक ट्रॉफ्या कोणाच्या तरी पैजेतून किंवा विसराळूपणातून आल्यात.

1903 मध्ये मिशिगनचा संघ मिनेसोटाला गेला. यजमान पाण्यात काही मिसळतील या शंकेने कोच फील्डिंग योस्ट यांनी 30 सेंटांचा घडा विकत आणायला लावला. सामना 6–6 असा सुटला, प्रेक्षक मैदानात घुसले, गडबडीत घडा तिथेच राहिला. मिनेसोटाने तो जपून ठेवला. हवा असेल तर जिंकून न्या, असं म्हटल्याचं सांगतात. तो घडा आजही दोघांत फिरतो.

डुकराची गोष्ट दिसते तेवढी हलकी नाही. 1934 मध्ये आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ओझी सिमन्स याला मिनेसोटाच्या खेळाडूंनी इतकं बडवलं की त्याला वारंवार मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षी आयोवात वातावरण तापलं आणि गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांनीही त्यात तेल ओतलं. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी वातावरण निवळावं म्हणून त्यांच्याशी एका जातिवंत डुकराची पैज लावली. मिनेसोटा 13–6 ने जिंकलं, आणि हेरिंग यांनी जिवंत डुक्कर ओल्सन यांच्या कार्यालयात नेऊन पोहोचवलं. डुकराला नाव मिळालं फ्लॉइड ऑफ रोझडेल. त्याचा 98 पौंडांचा काशाचा पुतळा ही आजची ट्रॉफी. ट्रॉफीसोबत फोटो काढणाऱ्या किती जणांना ओझी सिमन्स माहीत असतो, हा प्रश्न मला पडतो.

बादली इंडियाना आणि परड्यूची, 1925 पासून. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांच्यात कुऱ्हाड आहे.

आर्मी–नेव्ही सामना बाकीच्यांपेक्षा वेगळा का मानतात?

कारण यातले जवळजवळ सगळे खेळाडू पदवीनंतर लष्करात किंवा नौदलात अधिकारी होतात. वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिस या त्या दोन अकादम्या. पहिला सामना 1890 मध्ये, नेव्ही 24–0.

सामन्याआधी ‘कैद्यांची अदलाबदल’ होते: त्या सत्रात समोरच्या अकादमीत शिकायला गेलेले छात्र मैदानाच्या मध्यावरून आपापल्या गटात परत पाठवले जातात. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहतात. आधी हरलेल्या अकादमीचं गीत, मग जिंकलेल्या. म्हणून तिथे ‘दुसऱ्यांदा गायचं’ म्हणजे जिंकायचं.

1963 चा सामना केनेडींच्या हत्येमुळे पुढे ढकलला गेला आणि 7 डिसेंबरला झाला. केनेडी स्वतः नौदलातले होते. सामना रद्द करू नये अशी कुटुंबाचीच इच्छा होती. त्याच प्रक्षेपणात टीव्हीवर पहिल्यांदा ‘इन्स्टंट रीप्ले’ दाखवला गेला. निवेदकाला प्रेक्षकांना बजावून सांगावं लागलं की आर्मीने पुन्हा गुण केलेले नाहीत, हे आधीचंच दृश्य आहे.

हार्वर्ड–येलमध्येही असं काही असतं?

असतं, आणि ते स्वतःच्या सामन्याला फक्त ‘द गेम’ म्हणतात, जणू जगात दुसरा सामनाच होत नाही. 1875 पासून सुरू आहे. 1968 मध्ये दोन्ही संघ अपराजित होते. येल 29–13 ने पुढे, 42 सेकंद उरलेले. हार्वर्डने तेवढ्यात 16 गुण काढले. विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा मथळा होता: हार्वर्डने येलला 29–29 असं हरवलं.

पण सर्वांत जास्त वेळा खेळला गेलेला सामना त्यांचा नाही. तो पेन्सिल्व्हेनियातल्या लाफायेत आणि लीहाय या दोन छोट्या कॉलेजांचा, 1884 पासून. 2024 मध्ये 160 वा झाला.

बँड मैदानात घुसला आणि टचडाउन झालं, हे कुठलं?

कॅलिफोर्नियातलं. बर्कली विरुद्ध स्टॅनफर्ड, 20 नोव्हेंबर 1982. चार सेकंद बाकी, स्टॅनफर्ड 20–19 ने पुढे. बर्कलीच्या खेळाडूंनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकत पुढे नेला. सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात उतरला होता. शेवटचा खेळाडू त्या गर्दीतून वाट काढत पलीकडे पोहोचला आणि एका ट्रॉम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. 25–20. स्टॅनफर्डला हा निकाल अजून मान्य नाही. दोघांमधली कुऱ्हाडीची ट्रॉफी त्यांच्याकडे असते तेव्हा तिच्यावरचा 1982 चा निकाल 20–19 असा बदललेला असतो.

कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांची वैरं टीव्हीवर फारशी का दिसत नाहीत?

दिसायला हवीत. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घ्यायला 1960 च्या दशकाचा शेवट उजाडू दिला. अलाबामाच्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळला तो 1971 मध्ये. तोवर त्या भागातली बरीच गुणवत्ता ग्रॅम्बलिंग, सदर्न, जॅक्सन स्टेट अशा विद्यापीठांत होती. ग्रॅम्बलिंगच्या एडी रॉबिन्सन यांनी एकाच विद्यापीठात राहून 408 सामने जिंकले.

ग्रॅम्बलिंग आणि सदर्न यांचा बायू क्लासिक 1974 पासून आहे आणि सहसा न्यू ऑर्लिन्सला थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी होतो. आदल्या रात्री दोन्ही बँडची जुगलबंदी असते. मध्यंतराला लोक खायला उठत नाहीत, कारण मध्यंतर हाच मुख्य कार्यक्रम. ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही त्यांनी हा सामना आधी बघावा.

जुने सामने बंद का होतायत?

टीव्हीचे पैसे. कॉन्फरन्स म्हणजे एकत्र खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, आणि वाहिन्या हक्क विकत घेतात त्या प्रामुख्याने गटाचे. मोठ्या गटात शिरलं की वाटा मोठा. त्यामुळे 2024 मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचा शंभर वर्षांहून जुना पॅक-12 फुटून त्यात दोनच संघ उरले. बर्कली आणि स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात. नकाशा कोणीतरी उलटा धरला असावा.

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा सामना 1910 पासून दरवर्षी व्हायचा. 2023 मध्ये ओक्लाहोमा स्टेटने तो 27–24 असा जिंकला, आणि मग ओक्लाहोमा एसईसीत निघून गेलं. कॅन्सस आणि मिझुरी यांचं वैर तर 1850 च्या दशकात गुलामगिरीवरून सीमेवर झालेल्या रक्तपातापर्यंत जातं. तोही सामना 2011 नंतर थांबला होता, 2025 मध्ये परत आला.

मला यातला ढोंगीपणा खटकतो. गट बदलताना परंपरा आठवत नाही, आणि तेरा वर्षांनी सामना परत आला की जाहिरातीत परंपरेशिवाय शब्द नसतो.

खेळाडूंना पैसे मिळतात का?

आता मिळतात. जुलै 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येतात, आणि जुलै 2025 पासून विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. विद्यापीठ बदलणंही सोपं झालंय. त्यामुळे गेल्या वर्षी तुमच्या संघातून खेळलेला पोरगा यंदा समोरून येऊ शकतो.

आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी आहे. अडचण येईल?

तुमच्या गावात त्या दिवशी घरचा सामना असेल तर नक्की येईल. हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट होतात, रस्ते बंद असतात, विद्यापीठाचं सभागृह मिळालं तरी पार्किंग मिळत नाही. हॉल ठरवण्याआधी संघाचं वेळापत्रक बघा. तारखा बऱ्याच आधी जाहीर होतात, सामन्याची वेळ मात्र अनेकदा आठवडा-दोन आठवडे आधीच कळते. संघ बाहेरगावी खेळत असलेला शनिवार सर्वांत उत्तम.

पहिल्यांदा सामन्याला जातोय. काय सांभाळायचं?

कपड्यांचा रंग. कोलंबसला निळा-पिवळा नको, ॲन आर्बरला लाल नको. बहुतेक स्टेडियममध्ये फक्त पारदर्शक पिशवी चालते. नोव्हेंबरअखेर मिशिगनमध्ये साडेतीन तास उघड्यावर बसायचंय, तेव्हा थर्मल घालाच. विद्यार्थ्यांची तिकिटं स्वस्त असतात, पण मोठ्या सामन्याची लवकर संपतात. टेलगेटिंग, म्हणजे पार्किंगमध्ये गाडीमागे चालणारं खाणंपिणं, बहुतांशी मांसाहारी असतं. शाकाहारी असाल तर पनीर, कणसं, बटाटे बरोबर न्या. ग्रिलवर जागा कोणीही देतं, अगदी समोरच्या संघाचे लोकसुद्धा.

भारतातून बघायचं तर किती वाजता?

मिशिगन–ओहायो स्टेट सहसा तिथल्या दुपारी बाराला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे शनिवारी रात्री साडेदहा. जेवून बसता येतं, दोनपर्यंत उरकतो. आर्मी–नेव्ही डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, तिथले दुपारचे तीन. आपल्याकडे रविवार उजाडून रात्रीचा दीड. आयर्न बोल अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेने दुपारी साडेतीनला लागला तर आपले रात्रीचे दोन, आणि रात्रीचा सामना असेल तर रविवारी सकाळी चहाबरोबर. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे असतात. डॅलसच्या सामन्यासाठी हिशेब करताना तेवढा तास वजा करा.